डब्यातली औषधे कोठे जातात?



मृग नक्षत्र जवळ आले की मावळातल्या घराघरांत आवराआवर सुरू होते. गळकी कौले बदलली जातात, सरपण पडवीत येते, पापड-कुरडयांचे डबे घट्ट झाकून फडताळात वर चढतात. लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एकदा तो लागला की भिंतींना ओल सुटते, चपलांवर बुरशी चढते आणि काडेपेटीतली काडी ओढली तरी पेटत नाही.

ह्या आवराआवरीत बहुतेक घरांत एक जुना बिस्किटांचा डबा हाती लागतो. तो उघडून पाहा. तापाच्या चार गोळ्या. खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, तिच्या तोंडाशी साखर जमलेली. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ज्या डॉक्टरांनी नंतर बदलल्या. घसा दुखत होता तेव्हा आणलेल्या कॅप्सुलांपैकी उरलेल्या दोन. डोळ्यांत घालायच्या थेंबांची कुपी. आणि जिचे नावच वाचता येत नाही अशी एक अर्धवट कापलेली पट्टी.

ह्यांचे करायचे काय? आई म्हणते, "असू दे, लागतील कधीतरी." आजी म्हणते, "कशाला ठेवायची? मोरीत ओत, नाहीतर ओढ्यात टाकून ये." बाबा म्हणतात, "पालापाचोळ्याबरोबर जाळून टाका, म्हणजे कटकट मिटली."

तिघेही चांगल्या मनानेच सांगतात, पण तिघांचेही थोडे थोडे चुकते. कसे ते आपण एकेक करून पाहू.

"असू दे, लागतील कधीतरी"

औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख छापलेली असते. तिचा अर्थ काय? सांगितलेल्या पद्धतीने, म्हणजे कोरड्या व थंड जागी, उन्हापासून दूर ठेवले तर त्या तारखेपर्यंत औषधाची ताकद आणि शुद्धता टिकेल, अशी ती कारखान्याची हमी असते. ह्यातील "सांगितलेल्या पद्धतीने" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आषाढातल्या लोणावळ्यात, न्हाणीघराशेजारच्या फळीवर, झाकण सैल असलेल्या डब्यात ठेवलेले औषध त्या तारखेच्या आधीही बिघडू शकते.

अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूला ओलावा मिळाला की त्याचे हळूहळू दोन तुकडे होतात. एक सॅलिसिलिक आम्ल व दुसरे अ‍ॅसेटिक आम्ल. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हिनेगरमधले आम्ल. म्हणून जुन्या, दमट अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीचे झाकण काढले तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. पाण्यामुळे रेणू फुटण्याच्या ह्या क्रियेला जलापघटन म्हणतात. नाकाला वास आला की समजावे, गोळी वरून तशीच दिसत असली तरी आतून ती पहिली गोळी राहिलेली नाही.

बहुतेक जुनी औषधे नुसती दुबळी होतात. पण दुबळे औषधही धोक्याचेच असते. हृदयविकाराच्या किंवा दम्याच्या रोग्याला ऐन वेळी अर्ध्या ताकदीचे औषध मिळाले तर काय होईल? काही थोडी औषधे मात्र बिघडल्यावर अपायकारकही ठरतात. १९६३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा रोग्यांची नोंद केली की ज्यांनी शिळ्या झालेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुला घेतल्या होत्या आणि त्यामुळे त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती.

शिवाय डब्यातले औषध उद्या कोण घेईल हे आपल्या हातात नसते. तीन वर्षांच्या भावाला रंगीत गोळी म्हणजे लिमलेटची गोळीच वाटते. आजीला चष्म्याशिवाय दोन पट्ट्यांतला फरक दिसत नाही. आणि पूर्वीच्या दुखण्यातल्या उरलेल्या दोन कॅप्सुला नव्या दुखण्यात स्वतःच्या मनाने घेणे हा तर प्रकार फारच वाईट. त्याचे कारण पुढे येईलच.

तेव्हा डब्यात साठवणे हा उपाय नव्हे. बंद बंगल्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. लोणावळा-खंडाळ्याला सुट्टीपुरती उघडणारी पुष्कळ घरे आहेत. दोन दिवसांसाठी आणलेली औषधे तेथल्या कपाटात राहतात आणि चार महिन्यांचा पावसाळा खाऊन बसतात. पुढच्या सुट्टीत तीच कोणाच्या तरी हाती लागतात.

"मोरीत ओत, ओढ्यात टाक"

आता आजीच्या सूचनेकडे वळू. ओढ्यात टाकलेली गोळी विरघळते, दिसेनाशी होते. पण दिसेनाशी होणे म्हणजे नाहीशी होणे का? हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

सहा पेले एका रांगेत मांडा. प्रत्येकात नऊ-नऊ चमचे पाणी घाला. पहिल्या पेल्यात एक चमचा निळी शाई घालून ढवळा. त्यातला एक चमचा दुसऱ्यात घाला, दुसऱ्यातला एक चमचा तिसऱ्यात, असे सहाव्यापर्यंत न्या. दर वेळी चमचा धुऊन घ्या. पहिला पेला गडद निळा, दुसरा निळा, तिसरा फिका असेल. पाचव्या-सहाव्या पेल्यात रंग डोळ्यांना जवळजवळ दिसणारच नाही. पण शाई गेली का? नाही. सहाव्या पेल्यात दहा लाख भागांत एक भाग शाई आहेच. फक्त आपले डोळे तिला ओळखत नाहीत.

आता एक गणित करू. तुमच्या डब्यातल्या एका गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध आहे असे समजा. १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, म्हणून गोळीत ५ लाख मायक्रोग्रॅम औषध झाले. दर लिटरला १ मायक्रोग्रॅम हे प्रमाण धरले तर ती एकच गोळी ५ लाख लिटर पाण्याला पुरेल. दहा हजार लिटरचे ५० टँकर! आणि हे प्रमाण आपल्या सहाव्या पेल्यातल्या शाईपेक्षा हजार पटीने विरळ आहे.

इतक्या विरळ पाण्याने माणूस लगेच आजारी पडतो असे नाही. तसे समजून घाबरण्याचे कारण नाही. पण नदी फक्त माणसाची नसते. कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००१ सालापासून तीन उन्हाळे एका लहान सरोवरात एक प्रयोग केला. संततिनियमनाच्या गोळ्यांत वापरतात ते कृत्रिम संप्रेरक त्यांनी पाण्यात इतके थोडे घातले, की दर लिटरला ते ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. एवढ्यानेच तेथल्या एका जातीच्या लहान माशांतील नरांच्या शरीरात अंड्यांसाठी लागणारे प्रथिन तयार होऊ लागले आणि थोड्या वर्षांत त्या जातीची संख्या जवळजवळ संपली. संप्रेरक घालणे थांबवल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा सावरली. अशी एक गोळी साधारण ३० मायक्रोग्रॅमची असते. ५ नॅनोग्रॅमच्या हिशेबाने ती किती लिटर पाण्याला पुरेल, हे तुम्हीच काढा. उत्तर ६,००० लिटर येते का पाहा.

औषधे इतकी चिवट का असतात? त्यांना तसेच बनवलेले असते म्हणून. तोंडाने घेतलेल्या गोळीला पोटातल्या आम्लातून जिवंत सुटायचे असते, आतड्यातून रक्तात शिरायचे असते, यकृताच्या तावडीतून वाचून दुखऱ्या जागी पोचायचे असते, आणि अगदी थोड्या मात्रेत आपले काम करायचे असते. जो गुण शरीरात उपयोगी, तोच गुण ओढ्यात त्रासदायक! गावांतील मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे मैला व सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. औषधांचे रेणू काढण्यासाठी ती बांधलेली नसतात. म्हणून त्यांतले बरेच रेणू केंद्रातून सुटून नदीत येतात.

जेथे शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी आहे तेथे आणखी एक गोष्ट घडते. त्या टाकीत मैल्याचे विघटन जिवाणूच करत असतात. त्यांच्यावर प्रतिजैविकांचा मारा केला तर ते आपले काम कसे करणार? आणि मावळच्या काळ्या पाषाणात भेगा पुष्कळ. खड्ड्यातून झिरपलेले पाणी त्या भेगांतून शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते.

एका डोंगराची दोन पाणी

लोणावळ्याच्या ओढ्यात टाकलेली गोळी कोठपर्यंत जाईल, हे नकाशावर बोट ठेवून पाहा. मोठा गमतीचा भूगोल आहे.

इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या डोंगरात उगम पावते. घाटमाथ्यावरून कोकणचा समुद्र सरळ रेषेत अगदी जवळ, पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. कार्ल्याच्या डोंगराखालून, कामशेतजवळून, देहूला आणि आळंदीला वळसे घेत ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते आणि तेथून पंढरपूरला. पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात. पुढे भीमा कृष्णेला मिळते व कृष्णा बंगालच्या उपसागराला. देहू-आळंदीच्या पालख्या जशा पंढरीला जातात तसे इंद्रायणीचे पाणीही पंढरीलाच जाते, फक्त वेगळ्या वाटेने. देहू-आळंदीला वारकरी ज्या पाण्याची ओंजळ भरून घेतात ते पाणी आपल्याच ओढ्यांचे आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

त्याच डोंगरातले काही पाणी मात्र पश्चिमेला जाते. लोणावळ्याच्या वळवण, शिरोता वगैरे तलावांतले पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडतात. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. तेथे चक्रे फिरवून हे पाणी पाताळगंगेत जाते व अखेर अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच गावातले पाणी दोन समुद्रांना!

मावळातच पवना नदीही उगम पावते. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. ह्याच पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कंपनीची स्थापना झाली व आपल्या देशात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. तोवर जखम चिघळून किंवा न्यूमोनिया होऊन माणसे दगावत ती ह्या औषधाने वाचू लागली. म्हणून प्रतिजैविक हे आपल्या भागाला परके नाही. ते आपल्या शेजारी वाढले आहे. त्याची ताकद टिकवणे हेही आपलेच काम आहे.

जिवाणू शिकतात कसे?

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातच त्यांनी धोक्याची सूचना दिली होती. औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्याला दाद न देणारे बनतात, असा तिचा आशय होता.

हे कसे होते? समजा, एका जागी एक कोटी जिवाणू आहेत. सगळे अगदी सारखे नसतात. त्यांत एखाद-दोघे असे निघतात की ज्यांना त्या औषधाने सहज मरण येत नाही. औषध नसते तेव्हा त्यांचा काही विशेष फायदा होत नाही. पण पाण्यात थोडे थोडे प्रतिजैविक कायम मिसळत राहिले तर बाकीचे मरतात किंवा खुरटतात आणि ह्या एखाद-दोघांना मैदान मोकळे मिळते. त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय जिवाणू आपला हा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. मग उद्या असा जिवाणू माणसाच्या शरीरात शिरला तर नेहमीचे औषध त्याच्यावर चालत नाही.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधांचे अनेक कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध होत असे तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केली. दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक त्यात सापडले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! ही घरातल्या डब्यांची नव्हे, कारखान्यांची गोष्ट आहे, हे खरे. पण थेंब लहान असो की मोठा, जिवाणूंचा धडा एकच असतो.

गिधाडे कोठे गेली?

औषध आपली जागा सोडून भलतीकडे गेले तर काय होते, ह्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या देशातले आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडे तुमच्या आजोबांनी लहानपणी पाहिली असतील. मेलेल्या गुराभोवती ती थव्याने उतरत. १९९० नंतर ती वेगाने कमी होऊ लागली. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

रोगाची साथ असेल, शेतावरची विषे असतील, असे पुष्कळ तर्क झाले. उत्तर २००४ साली सापडले. पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासताना शास्त्रज्ञांना त्यांच्या शरीरात डायक्लोफिनॅक आढळले. हे दुखणे व सूज कमी करणारे साधे औषध आहे. लंगड्या, आजारी गुरांना ते टोचत. असे जनावर लवकरच मेले की औषध त्याच्या मांसात राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि त्यांच्या आतड्या-काळजावर युरिक आम्लाचे पांढरे थर जमत.

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची, एका वेळेपुरतीच ठेवण्याचे ठरले.

ही गिधाडे कचऱ्यात टाकलेल्या गोळ्या खाऊन मेली नाहीत, हे लक्षात ठेवा. पण धडा स्पष्ट आहे. गाईला बरे वाटावे म्हणून दिलेले, माणसालाही चालणारे औषध तिसऱ्याच जिवाला विष ठरले, आणि हे कळेपर्यंत आकाश रिकामे झाले होते.

"जाळून टाका"

आता बाबांची सूचना. आग सगळे शुद्ध करते असे आपल्याला वाटते. रुग्णालयातली मुदत संपलेली औषधे जाळतात हेही खरे. पण ती भट्टी वेगळी. तिच्यात दोन कप्पे असतात. पहिल्यात किमान ८०० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्यात धूर जाळण्यासाठी सुमारे १,०५० अंश तापमान राखावे लागते. अंगणातल्या पाचोळ्याच्या आगीत औषध अर्धवट जळते व उरलेले धुराबरोबर उडते. गोळ्यांची पट्टी बहुधा पीव्हीसी प्लास्टिक व अ‍ॅल्युमिनियमची असते. पीव्हीसी जळाले की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. दम्याच्या फवाऱ्याचा दाबाने भरलेला डबा तर आगीत स्फोट होऊन उडतो. म्हणून घरी औषधे कधीही जाळू नयेत.

नुसती कचऱ्यात टाकावीत का? उघडी टाकलेली औषधे भटकी जनावरे खातात, मुलांच्या हाती लागतात, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला सुई टोचते. शिवाय चांगली दिसणारी बाटली किंवा पट्टी उचलून पुन्हा विकणारी माणसेही असतात.

मग करायचे काय?

घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन पुढील क्रमाने डबा आवरा. एकट्याने करू नका.

१. सर्व औषधे वर्तमानपत्रावर मांडा आणि तीन गट करा. चालू औषधे, मुदत असलेली पण नको असलेली औषधे, आणि मुदत संपलेली किंवा नाव-तारीख न दिसणारी औषधे. रंग बदललेली, चिकट झालेली गोळीही तिसऱ्याच गटात घाला.

२. मुदत असलेली, न कापलेली पट्टी दुकानदार परत घेतो का ते बिल दाखवून विचारा. शेजाऱ्यांना औषध देऊ नका. त्यांचा आजार आपल्याला माहीत नसतो.

३. तिसरा गट वेगळ्या पिशवीत बांधा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया व फुटलेले तापमापक ह्यांना "घरगुती घातक कचरा" असे नाव दिले, आणि हा कचरा वेगळा जमा करण्याची केंद्रे उभारणे स्थानिक संस्थांचे काम ठरवले. म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत "मुदत संपलेली औषधे" असे लिहा व घंटागाडीवर ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्या.

४. तुमच्या गावात अशी सोय नसेल तर त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग असा. गोळ्या पट्टीतून काढा, पण कुटू नका, कारण त्यांची पूड श्वासात जाते. त्या वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, म्हणजे कोणाला उचलून खाव्याशा वाटणार नाहीत. हे मिश्रण जाड पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. पातळ औषध बाटलीतच ठेवून झाकण पक्के लावा. बाटलीवरचे व पाकिटावरचे रोग्याचे नाव खोडा, लेबल फाडा.

५. सुया कधीही पिशवीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात साठवा, डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि दवाखान्यात देता येईल का ते विचारा. कर्करोगावरची औषधे त्या रुग्णालयाकडेच परत न्यावीत.

६. एक अपवाद मुद्दाम सांगायला हवा. मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल अशी तीव्र वेदनांवरची काही औषधे अशी असतात की चुकून घेतलेली एक मात्रादेखील लहान मुलाचा जीव घेऊ शकते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली अशा १७ औषधांची यादी दिली. ती परत देण्याची सोय नसेल तर घरात पडू देण्यापेक्षा लगेच संडासात टाकून भरपूर पाणी सोडावे, असा तिचा सल्ला आहे. येथे माशांच्या धोक्यापेक्षा घरातल्या मुलाचा धोका मोठा मानला आहे. हा अपवाद त्या यादीपुरताच आहे, आणि निर्णय मोठ्या माणसांनी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून घ्यावा.

डबा रिकामाच राहिला तर?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नदीतल्या औषधांचा मोठा भाग फेकलेल्या गोळ्यांतून येत नाही. रोग्याने घेतलेल्या औषधाचा काही अंश मलमूत्रावाटे बाहेर पडतो, त्यातून तो येतो. तो थांबवायला चांगली शुद्धीकरण केंद्रे हवीत, आणि ते काम मोठे आहे. पण फेकलेल्या गोळीचा वाटा पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी यंत्र नको, पैसा नको, फक्त सवय हवी.

आणि उत्तम विल्हेवाट म्हणजे विल्हेवाटीची वेळच न येणे. दुकानात गेल्यावर चिठ्ठीवर जितक्या दिवसांचे औषध लिहिले आहे तितकेच घ्या. पट्टी कापताना नाव व तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखा. प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, तितक्या वेळा घ्या. मग उरलेल्या दोन कॅप्सुला डब्यात पडणारच नाहीत. औषधांची जागा न्हाणीघरात किंवा चुलीजवळ नको, कोरड्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर हवी. आणि डबा वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व दिवाळीच्या साफसफाईत, तपासा.

युरोपीय संघाने २००४ साली आपल्या सभासद देशांना जुनी औषधे गोळा करण्याची व्यवस्था ठेवण्यास सांगितले. आपल्याकडे केरळने २०२५ साली कोझिकोडपासून अशीच एक योजना सुरू केली. मावळात लोणावळा व तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत, वडगावला नगरपंचायत आहे, लहान गावांना ग्रामपंचायती आहेत. तुमच्या गावात जुनी औषधे कोठे द्यायची, हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारायला हवा. तो विद्यार्थ्यांनी विचारला तर अधिक चांगले.

आता पुन्हा आपल्या बिस्किटाच्या डब्याकडे या. आईला सांगा, ठेवू नको. आजीला सांगा, ओढ्यात नको, ते पाणी पंढरीला जाते. बाबांना सांगा, जाळू नका. आणि मग तिघांना घेऊन बसा व डबा आवरा. बाहेर पहिला पाऊस येईल तेव्हा ओढ्यातून गढूळ पाणी धावेल, पण त्यात तुमच्या घरची एकही गोळी नसेल.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील औषधांची यादी करा. नाव, मुदतीची तारीख, चालू की जुने, असे तीन रकाने आखा. जुन्या औषधांपैकी किती गरजेपेक्षा जास्त आणल्यामुळे उरली, ते मोठ्यांना विचारून शोधा.

२. २५० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सुला ओढ्यात टाकल्या. दर लिटरला १ मायक्रोग्रॅम ह्या प्रमाणाने त्या किती लिटर पाण्याला पुरतील?

३. तुमच्या गावचे सांडपाणी कोणत्या ओढ्याला, कोणत्या नदीला आणि अखेर कोणत्या समुद्राला मिळते, त्याचा नकाशा काढा.

४. शाईच्या प्रयोगात आणखी तीन पेले वाढवले तर नवव्या पेल्यात शाईचे प्रमाण किती होईल? ते नदीतील औषधाच्या कोणत्या प्रमाणाशी जुळते?

५. वर्गातर्फे आपल्या नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र लिहा. जुनी औषधे कोठे व कोणत्या दिवशी द्यावीत, एवढेच विचारा. आलेले उत्तर वर्गाच्या फलकावर लावा.